सदृशीकरण फलितांचे निष्कर्षण

एखाद्या भौतिक, यांत्रिक वा नैसर्गिक प्रणालीचे गणितीय प्रतिमान तयार करून त्यावर संगणकाच्या साहाय्याने केलेल्या प्रयोगास सदृशीकरण म्हणतात. अशा प्रयोगाच्या ओघात व अखेरीस संगणक जी माहिती साठवून ठेवतो, तिच्या संचास फलित फाइल असे नाव आहे. या फाइलीतील असंख्य संख्यांपैकी निर्णयासाठी किंवा पुढील गणनेसाठी आवश्यक तेवढ्याच राशी शोधून, त्यांचे एकक व संदर्भ निश्चित करून त्या वेगळ्या काढण्याच्या क्रियेस फलितांचे निष्कर्षण म्हणतात. अशा रीतीने वेगळ्या काढलेल्या राशींना प्रदान चल ही संज्ञा आहे. अनेक कार्यक्रम ठरावीक क्रमाने चालवून एकाचे फलित दुसऱ्यास आपोआप पुरविणाऱ्या सॉफ्टवेअरला कार्यप्रवाह प्रणाली म्हणतात. अशा प्रणालीत निष्कर्षणाचे काम माणसाच्या नजरेखालून न जाता यंत्रामार्फत होते. त्यामुळे त्याचे नियम अगोदर आणि नेमके लिहून द्यावे लागतात.

निष्कर्षणाची गरज फलितांच्या विपुलतेतून निर्माण होते. उदा., एखाद्या पुलाचे प्रतिमान २ लाख बिंदूंचे असेल, प्रत्येक बिंदूवर प्रतिबलाचे सहा घटक काढले असतील आणि वाहनांचा भार पुढे सरकताना १०० क्षणांची नोंद घेतली असेल, तर एकट्या प्रतिबलाच्याच १२ कोटी संख्या मिळतात. अभियंत्याला मात्र सर्वाधिक प्रतिबल किती व कोठे आहे आणि पूल जास्तीत जास्त किती वाकतो एवढेच जाणून घ्यावयाचे असते. या दोन-तीन संख्यांवरच पुलाच्या सुरक्षिततेचा निर्णय अवलंबून असतो. म्हणून मूळ गणना कितीही अचूक असली, तरी त्या संख्या चुकीच्या जागेवरून किंवा चुकीच्या अर्थाने उचलल्या गेल्या, तर सर्व गणना व्यर्थ ठरते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : संगणकाच्या प्रारंभीच्या काळात फलिते कागदावर छापली जात. आयबीएम कंपनीने १९५७ मध्ये प्रचारात आणलेल्या फोर्ट्रान या संगणकीय भाषेत प्रत्येक संख्येसाठी ओळीतील किती जागा राखावयाच्या हे कार्यक्रम लिहितानाच ठरवावे लागे. ओळमुद्रकावर एका ओळीत सामान्यतः १३२ अक्षरे मावत. अभियंता छापील गठ्ठा चाळून आवश्यक आकडे खुणा करून उतरवून घेई. त्या काळच्या रीतीच्या खुणा अद्यापही टिकून आहेत. अमेरिकेच्या नासा या संस्थेने १९६०–७० या दशकात विकसित करविलेल्या नॅस्ट्रॅन या संरचना-विश्लेषण कार्यक्रमाच्या छापील फलिताच्या फाइलीस ‘एफ०६’ असा प्रत्यय लागतो. फोर्ट्रानमध्ये मुद्रकासाठी ६ हा क्रमांक वापरण्याची प्रथा होती, तिच्यावरून तो आला. त्याच कार्यक्रमाच्या दुसऱ्या एका फाइलीस ‘पंच’ फाइल म्हणतात. पूर्वी ८० स्तंभांच्या कार्डांवर भोके पाडून माहिती साठवीत, त्याची ही आठवण होय.

संगणक स्वस्त व वेगवान झाल्यावर एकच सदृशीकरण शेकडो वेळा, प्रत्येक वेळी प्राचलांत थोडा फरक करून चालविणे शक्य झाले. मग माणसाने आकडे उतरवून घेणे अशक्य झाले आणि हे काम कार्यक्रमाकडेच सोपविणे भाग पडले. अमेरिकेतील सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळेत १९९४ मध्ये सुरू झालेली ‘डाकोटा’ ही प्रणाली या दिशेने झालेल्या प्रयत्नांचे एक प्रमुख उदाहरण आहे. नासाच्या ग्लेन संशोधन केंद्रात विकसित झालेली ‘ओपन-एमडीएओ’ ही प्रणाली याच वर्गातील आहे. विमानाचा आकार, त्याची संरचना व त्याचे इंजिन अशा भिन्न शाखांतील गणना एकत्र जोडण्यासाठी तिचा उपयोग होतो.

फलित फाइलींचे प्रकार : फलित फाइलींचे स्थूलमानाने चार प्रकार पडतात. (१) मुद्रित मजकुराची फाइल : ही माणसाने वाचावी या हेतूने लिहिलेली असते. तिच्यात शीर्षके, पृष्ठक्रमांक, सूचना व कोष्टके एकत्र असतात. (२) स्तंभबद्ध फाइल : हिच्या प्रत्येक ओळीत एका क्षणाची वा एका बिंदूची मूल्ये असतात व ती स्वल्पविरामाने किंवा मोकळ्या जागेने विभागलेली असतात. (३) द्विमान फाइल : हिच्यात संख्या छापील अंकांत न लिहिता संगणकाच्या अंतर्गत रूपातच साठवितात. त्यामुळे जागा वाचते व अचूकता टिकते. परंतु रचना ठाऊक असल्यावाचून ती वाचता येत नाही. (४) स्ववर्णित फाइल : हीसुद्धा द्विमान असते, मात्र प्रत्येक राशीचे नाव, मिती, एकक व इतर तपशील तिच्यातच नोंदविलेले असतात.

द्विमान फाइलींच्या बाबतीत दोन अडचणी विशेष जाणवतात. एका संख्येचे चार वा आठ बाइट कोणत्या क्रमाने लिहावयाचे, मोठ्या स्थानाचा बाइट आधी की लहान स्थानाचा, याविषयी निरनिराळ्या संगणकांत एकवाक्यता नव्हती. क्रम उलट समजला गेल्यास वाचलेली संख्या निरर्थक होते. तसेच फोर्ट्रानमध्ये लिहिलेल्या अनुक्रमी द्विमान फाइलीत प्रत्येक नोंदीच्या आधी व नंतर तिची लांबी दर्शविणारी खूण सामान्यतः असते. ती लक्षात न घेतल्यास पुढील सर्व मूल्ये सरकतात. दशांश संख्यांच्या अंतर्गत रूपाविषयी १९८५ मध्ये आंतरराष्ट्रीय मान्यतेचे मानक ठरले. त्यामुळे निदान संख्येच्या रचनेबाबतचा गोंधळ पुष्कळ कमी झाला. बाइटांच्या क्रमाचा प्रश्न मात्र राहिला.

स्ववर्णित फाइलींचा विकास मुख्यत्वे वातावरणविज्ञान व खगोलशास्त्र यांसारख्या विपुल निरीक्षणे असलेल्या शाखांत झाला. जागतिक हवामानवैज्ञानिक संघटनेने १९८५ मध्ये ‘ग्रिब’ हे स्वरूप मान्य केले. ‘एचडीएफ’ हे स्वरूप अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या महासंगणन केंद्रात आणि ‘नेटसीडीएफ’ हे स्वरूप कोलोरॅडो राज्यातील बोल्डर येथील युनिडेटा केंद्रात १९८०–९० या दशकाच्या उत्तरार्धात निर्माण झाले. ग्रिबमध्ये राशीचे नाव न लिहिता तिचा क्रमांक लिहितात आणि क्रमांकांचा अर्थ स्वतंत्र कोष्टकात पाहावा लागतो. नेटसीडीएफमध्ये नाव व एकक फाइलीतच लिहिण्याची सोय आहे.

निष्कर्षणाच्या पद्धती : (अ) स्थाननिष्ठ पद्धती : या पद्धतीत अमुक ओळीतील अमुक स्तंभापासून अमुक स्तंभापर्यंतची संख्या घ्यावी, असा नियम देतात. ती सर्वांत सोपी परंतु सर्वांत ठिसूळ आहे. फाइलीत एखादी सूचनेची ओळ अधिक छापली गेली, तरी भलतीच संख्या उचलली जाते.

(आ) खूणनिष्ठ पद्धती : या पद्धतीत फाइलीतील एखादा विशिष्ट शब्दसमूह खूण म्हणून निवडतात आणि त्या खुणेपासून इतक्या ओळी खाली व इतकी पदे उजवीकडे, असा मार्ग देतात. ओपन-एमडीएओमध्ये अशा खुणेस ‘नांगर’ या अर्थाचाच शब्द योजिलेला आहे. फाइलीच्या आरंभी काही ओळी वाढल्या, तरी ही पद्धती बिघडत नाही. मात्र तोच शब्दसमूह फाइलीत अनेकदा येत असल्यास कितवी आवृत्ती घ्यावयाची हे स्पष्ट करावे लागते. पुनरावृत्तीने उत्तराकडे जाणाऱ्या गणनेत प्रत्येक पायरीचे फलित छापलेले असते. तेथे पहिली आवृत्ती ही केवळ आरंभीची अटकळ असून शेवटची आवृत्ती हे उत्तर असते.

(इ) नामनिष्ठ पद्धती : या पद्धतीत राशीच्या नावावरून तिचे मूल्य शोधतात. स्ववर्णित फाइलींसाठी ती स्वाभाविक आहे. परंतु काही मजकूर-फाइलींतही तशी सोय असते. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने विकसित करविलेला व २००१ पासून प्रसृत असलेला ‘एनर्जीप्लस’ हा कार्यक्रम इमारतीतील उष्णता व वीजवापर यांचे सदृशीकरण करतो. त्याच्या मुख्य फलित फाइलीच्या आरंभी एक शब्दसूची असते व तीत प्रत्येक प्रदान चलास एक क्रमांक दिलेला असतो. पुढील ओळींत केवळ तो क्रमांक आणि मूल्य एवढेच येते. एखाद्या खोलीच्या हवेच्या तापमानास ४७ हा क्रमांक मिळाला असेल, तर ‘४७, २८·६’ या ओळीचा अर्थ त्या खोलीचे तापमान २८·६° से. असा होतो. तथापि पुढील वेळी आणखी एखादा चल मागविल्यास हे क्रमांक बदलू शकतात. म्हणून निष्कर्षणाचा नियम क्रमांकावर न बांधता नावावर बांधावा लागतो.

(ई) प्रत्यक्ष संपर्क पद्धती : या पद्धतीत फाइल मध्ये न आणता सदृशीकरण कार्यक्रमाकडेच विशिष्ट राशीची मागणी करतात व तो तिचे मूल्य थेट परत देतो. भिन्न निर्मात्यांची प्रतिमाने अशा रीतीने जोडता यावीत, यासाठी २०१० मध्ये यूरोपातील मोटार-उद्योगाच्या पुढाकाराने एक सामाईक मानक प्रसिद्ध झाले. त्यात प्रत्येक प्रतिमानासोबत त्यातील चलांचे वर्णन देणारी सूची जोडलेली असते. ही पद्धती सर्वांत सुरक्षित होय. परंतु जुन्या कार्यक्रमांत तशी सोय नसल्याने फाइलीवाचून गत्यंतर नसते.

कोणत्याही पद्धतीत एक मर्यादा लक्षात घ्यावी लागते. जी राशी फाइलीत लिहिलीच नाही, ती तीतून काढता येत नाही. एनर्जीप्लसमध्ये कोणते चल, किती काळाच्या अंतराने हवे आहेत, हे आदान फाइलीत अगोदरच नमूद करावे लागते. म्हणून निष्कर्षणाचा विचार सदृशीकरण संपल्यानंतर नव्हे, तर ते सुरू करण्यापूर्वीच करणे आवश्यक असते.

राशींचे संक्षेपण : फाइलीतून मिळणारी राशी पुष्कळदा एक संख्या नसून कालमालिका किंवा क्षेत्रभर पसरलेली मूल्ये असते. तिच्यापासून महत्तम, सरासरी, बेरीज किंवा विशिष्ट क्षणाचे मूल्य काढावे लागते. या क्रियेस संक्षेपण म्हणतात. कोणते संक्षेपण योग्य हे राशीच्या स्वरूपावर अवलंबून असते. तापमान ही तात्कालिक राशी असल्याने तिची सरासरी अर्थपूर्ण असते. ऊर्जा ही त्या कालावधीत खर्च झालेली राशी असल्याने तिची बेरीज घ्यावी लागते. एनर्जीप्लस ऊर्जेची नोंद जूल या एककात करतो. वीजबिलातील एक ‘युनिट’ म्हणजे एक किलोवॉट-तास होय व त्याचे ३६ लाख जूल होतात. वर्षभराच्या नोंदी बेरजेऐवजी सरासरीने घेतल्यास किंवा जूलचे रूपांतर राहून गेल्यास उत्तर कित्येक पटींनी चुकते.

हवामानाच्या सदृशीकरणात याचे दुसरे उदाहरण आढळते. जगभर वापरात असलेल्या ‘डब्ल्यूआरएफ’ या प्रतिमानाच्या फलित फाइलीत पाऊस हा गणनेच्या आरंभापासून साठत गेलेला असा नोंदविलेला असतो. तिसऱ्या दिवशीचा पाऊस हवा असल्यास तिसऱ्या दिवसअखेरच्या मूल्यातून दुसऱ्या दिवसअखेरचे मूल्य वजा करावे लागते. वजाबाकी न करता आकडा उचलला, तर तीन दिवसांचा पाऊस एका दिवशी पडेल असा अंदाज निघतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेत २०१८ मध्ये ‘प्रत्युष’ हा महासंगणक हवामानाच्या व मॉन्सूनच्या अंदाजासाठी कार्यान्वित करण्यात आला. अशा महासंगणकांवर चालणाऱ्या गणनांची फलिते शेतकऱ्यापर्यंत ‘अमुक जिल्ह्यात इतके मिलिमीटर’ या एका वाक्याच्या रूपाने पोहोचतात. प्रतिमानाच्या जाळीचे चौरस व जिल्ह्याच्या सीमा जुळत नसल्याने कोणते चौरस जिल्ह्यात धरावयाचे हेही निष्कर्षणातच ठरवावे लागते.

कार्यप्रवाहातील स्थान : डाकोटासारख्या प्रणालीतील एक आवर्तन पुढीलप्रमाणे असते. प्रणाली प्रथम प्राचलांची मूल्ये एका छोट्या फाइलीत लिहिते. पूर्वतयारीचा कार्यक्रम ही मूल्ये आदान फाइलीच्या नमुन्यातील रिकाम्या जागी भरतो. नंतर सदृशीकरण चालते व फलित फाइल तयार होते. उत्तरक्रियेचा कार्यक्रम तिच्यातून आवश्यक प्रदान चल काढून त्यांची मूल्ये, हवे असल्यास नावांसह, एका दुसऱ्या छोट्या फाइलीत लिहितो. प्रणाली ती वाचून पुढील प्राचले ठरविते. सर्वांत हलकी तुळई किंवा सर्वांत कमी वीज घेणारी इमारत शोधण्याच्या क्रियेस इष्टतमीकरण म्हणतात. तीत असे आवर्तन शेकडो वा हजारो वेळा घडते. सदृशीकरणाच्या आत काय चालले आहे हे प्रणालीला मुळीच ठाऊक नसते. तिला केवळ निष्कर्षणातून आलेल्या संख्या दिसतात. म्हणून निष्कर्षण हा या साखळीतील सर्वांत निमुळता व सर्वांत निर्णायक दुवा होय.

एखादे सदृशीकरण अर्धवट बंद पडल्यास काय करावे, याचीही तरतूद करावी लागते. डाकोटामध्ये उत्तरक्रियेच्या कार्यक्रमाने मूल्यांऐवजी अपयशदर्शक शब्द लिहिल्यास चार पर्याय उपलब्ध असतात : सर्व काम थांबविणे, तेच सदृशीकरण पुन्हा चालविणे, अगोदर सांगून ठेवलेले मूल्य घेणे किंवा ज्ञात यशस्वी प्राचलांपासून हळूहळू सरकत पुन्हा प्रयत्न करणे. अपयश ओळखण्याची जबाबदारी मात्र निष्कर्षकावरच असते. बंद पडलेल्या गणनेच्या फाइलीतही संख्या असतातच आणि त्या वरकरणी पटण्याजोग्या दिसतात.

त्रुटींची कारणे : निष्कर्षणातील बहुतेक त्रुटींचे वैशिष्ट्य असे की, त्यांमुळे काम थांबत नाही, चुकीची संख्या बिनबोभाट पुढे जाते. त्यांची प्रमुख कारणे अशी आहेत.

(१) छपाईची मर्यादा : फोर्ट्रानमध्ये राखलेल्या जागेत संख्या मावत नसल्यास तिच्याऐवजी तारकाचिन्हे छापली जातात. घातांक तीन अंकी झाल्यास घातांक दर्शविणारे ‘ई’ हे अक्षरच वगळले जाऊ शकते. मग १·५ गुणिले १० चा उणे १०१ वा घात ही संख्या ‘१·५–१०१’ अशी छापली जाते व अनभिज्ञ कार्यक्रम तिला १·५ समजण्याचा संभव असतो. ऋण संख्येमुळे दोन स्तंभ एकमेकांना चिकटणे हाही नेहमीचा अनुभव आहे. (२) अचूकतेचा ऱ्हास : छापील अंक अपुरे असल्यास लहान बदल नाहीसे होतात. प्राचल किंचित बदलल्याने उत्तर १२·३४५६ वरून १२·३४६१ झाले, तरी दोन दशांश स्थळांच्या छपाईत दोन्ही १२·३५ दिसतात. इष्टतमीकरणाला मग प्राचलाचा काहीच परिणाम नाही असे वाटते व ते मध्येच थांबते. (३) शिळी फाइल : नवी गणना अपयशी ठरली व मागील गणनेची फाइल त्याच जागी राहिली, तर निष्कर्षक तीच वाचतो. यावर उपाय म्हणून प्रत्येक आवर्तनासाठी स्वतंत्र कार्यकक्ष निर्माण करतात. (४) समान नावाच्या राशी : एनर्जीप्लसमध्ये यंत्रसामग्रीची क्षमता ठरविण्यासाठी घेतलेल्या काल्पनिक अतिउष्ण व अतिशीत दिवसांची फलिते वार्षिक फलितांच्या आधी येऊ शकतात. नाव तेच असल्याने ‘पहिले आढळणारे मूल्य’ हा नियम भलत्याच दिवसाचे तापमान देतो. (५) आवृत्तिबदल : कार्यक्रमाच्या नव्या आवृत्तीत चलांची नावे व फाइलीची मांडणी बदलते. एनर्जीप्लसच्या २०१३ मधील आठव्या आवृत्तीत अनेक प्रदान चलांची नावे बदलण्यात आली. (६) एककांचा घोटाळा : पुष्कळ कार्यक्रम केवळ संख्या हाताळतात. एकक कोणते हे वापरणाऱ्याच्या मनात किंवा वेगळ्या दस्तऐवजात असते.

दोन उद्बोधक घटना : निष्कर्षणातील त्रुटींचे मोल किती मोठे असू शकते, हे पुढील दोन घटनांवरून स्पष्ट होते. पहिली घटना नॉर्वेतील आहे. उत्तर समुद्रातील तेल व वायू यांच्या उत्पादनासाठी ‘स्लाइप्नर ए’ या मंचाचा काँक्रीटचा पाया बांधण्यात आला होता. समुद्रतळावर टेकणारा हा पाया २४ पोकळ कोठ्यांचा होता. २३ ऑगस्ट १९९१ रोजी स्टाव्हांगरजवळील खाडीत त्याची बुडवून चाचणी घेत असताना कोठ्यांमधील एक भिंत फुटली व संपूर्ण पाया तळाशी जाऊन नष्ट झाला. जीवितहानी झाली नाही. आर्थिक हानी मात्र सुमारे ७० कोटी डॉलर इतकी अंदाजिण्यात आली. चौकशीत असे आढळले की, परिमित घटक पद्धतीने केलेल्या विश्लेषणात भिंतीतील कर्तरी प्रतिबल सुमारे ४७ टक्क्यांनी कमी धरले गेले होते. मोक्याच्या जागी घटकांची जाळी विरळ व वेडीवाकडी होती. त्यातच घटकांच्या अंतर्भागातील मोजक्या मूल्यांवरून भिंतीच्या टोकाचे मूल्य काढताना वक्राच्या साहाय्याने केलेले बहिर्वेशन वास्तवापासून दूर गेले. म्हणजे गणनेइतकाच दोष गणनेतून राशी काढण्याच्या रीतीतही होता. त्या जागी लोखंडी गजांची मांडणीही अपुरी होती. नंतर अधिक काळजीपूर्वक केलेल्या विश्लेषणातून पाया ६२ मी. खोलीवर फुटेल असे उत्तर आले. प्रत्यक्षात तो सुमारे ६५ मी. खोलीवर फुटला होता.

दुसरी घटना नासाच्या ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ या यानाची आहे. ११ डिसेंबर १९९८ रोजी उड्डाण केलेले हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाजवळ पोहोचताच नाहीसे झाले. यानातील चक्रांचा साठलेला कोनीय संवेग कमी करण्यासाठी लहान प्रक्षेपके वेळोवेळी चालविली जात. त्यांनी दिलेल्या आवेगाची गणना पृथ्वीवरील एक कार्यक्रम करी व ती फाइलीच्या रूपाने मार्गनिर्धारण करणाऱ्या गटाकडे जाई. करारानुसार हे आकडे न्यूटन-सेकंद या एककात अपेक्षित होते. फाइलीत ते पौंड-बल-सेकंद या एककात लिहिले गेले. दोहोंत ४·४५ पटींचा फरक आहे. ही फाइल सदृशीकरणाची नव्हती. परंतु एका कार्यक्रमाचे फलित दुसऱ्याने एकक न पडताळता उचलण्याचा प्रश्न तोच होता. चौकशी अहवालात आणखी एक बोलकी नोंद आहे. उड्डाणानंतरचे पहिले चार महिने या फाइली स्वरूपातील त्रुटींमुळे वापरताच आल्या नाहीत. स्वरूपाचे दोष दुरुस्त झाल्यावर त्या सुरळीत वाचल्या जाऊ लागल्या. एककाचा दोष मात्र तसाच राहिला. मंगळाच्या पृष्ठापासून सुमारे २२६ किमी. उंचीवरून जावयाचे यान सुमारे ५७ किमी. इतक्या खाली आले. फाइल वाचता येणे आणि तिचा अर्थ बरोबर लागणे या भिन्न गोष्टी आहेत, हे या घटनेने दाखवून दिले.

दक्षता व पडताळणी : वरील अनुभवांवरून निष्कर्षणाचे काही नियम रूढ झाले आहेत. निष्कर्षकाने प्रथम गणना पूर्ण झाल्याची व अभिसरण साधल्याची खूण शोधावी; ती नसल्यास संख्या न देता अपयश कळवावे. राशी सापडली नाही तर शून्य लिहू नये, कारण शून्य हेही एक मूल्यच आहे. प्रत्येक चलासोबत त्याचे नाव, एकक, स्थान, काळ व मूळ कार्यक्रमाची आवृत्ती यांची नोंद ठेवावी. मूल्य संभाव्य मर्यादेत आहे की नाही हे तपासावे. खोलीचे तापमान ३०० आले, तर ते केल्विनमधील असण्याचा संभव आहे. सेल्सिअसमधील निश्चितच नाही. नवा नियम लागू करण्यापूर्वी एका फाइलीतील मूल्ये हाताने काढून त्यांच्याशी ताळा करावा. कार्यक्रमाची आवृत्ती बदलताच हा ताळा पुन्हा घ्यावा.

यांखेरीज भौतिक समतोलाची कसोटी विशेष उपयुक्त ठरते. संरचनेवरील एकूण भार व तिच्या आधारांवरील प्रतिक्रियांची बेरीज समान असली पाहिजे. इमारतीत आलेली व बाहेर गेलेली उष्णता यांचा मेळ बसला पाहिजे. ही कसोटी फाइलीच्या स्वरूपावर अवलंबून नसल्याने गणनेतील व निष्कर्षणातील अशा दोन्ही प्रकारच्या चुका तीतून उघड होऊ शकतात. स्लाइप्नरच्या बाबतीत साध्या हातगणनेने भिंतीवरील पाण्याचा दाब व तिच्या टोकांवरील कर्तरी बल यांचा मेळ घातला असता, तर तूट ध्यानात येण्याजोगी होती.

स्ववर्णित फाइली व सामाईक मानके यांच्या प्रसारामुळे निष्कर्षणाचे यांत्रिक अंग उत्तरोत्तर सुलभ होत आहे. तथापि अनेक दशकांपूर्वी लिहिलेले व पूर्णपणे कसोटीस उतरलेले कार्यक्रम अभियांत्रिकीत अद्याप वापरात आहेत व त्यांची फलिते छापील मजकुराच्याच रूपात मिळतात. शिवाय फाइल कितीही स्ववर्णित असली, तरी हाती घेतलेल्या प्रश्नाचे उत्तर कोणत्या राशीत, कोणत्या ठिकाणी व कोणत्या काळात दडलेले आहे, हे ती सांगू शकत नाही. तो निर्णय विषयाच्या जाणकारासच घ्यावा लागतो आणि निष्कर्षणाच्या नियमांत तो स्पष्टपणे नोंदवून ठेवावा लागतो.